दुसऱ्या क्रमांकाची पायरी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आरती आणि महाप्रसाद यांच्या मधली वेळ चिटणीसांनी मला दिली आहे. मधल्या वेळेच्या वक्त्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, श्रोत्यांची भूक आणि स्वतःची हौस. पंचवीस मिनिटांत संपवतो असा शब्द दिला आहे. मसालेभाताचा वास माझ्यापर्यंतही येतो आहे.

मला विषय दिला होता ‘परदेशात पाहिलेले’. आता बंगळूरच्या मराठी मंडळात हा विषय म्हणजे धोकाच आहे. या मांडवातली निम्मी ज्येष्ठ मंडळी वर्षातले काही महिने मुलाकडे नाहीतर लेकीकडे कॅलिफोर्नियात असतात. गोल्डन गेटचा पूल, स्टॅनफर्डचे आवार, गूगलच्या रंगीत सायकली आणि सनीव्हेलचे देऊळ हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे आणि सगळ्यांनी सगळ्यांना त्याचे फोटोही दाखवले आहेत. मी त्यातले काही सांगणार नाही. मी तुम्हाला सॅन होजेमधला एक पुतळा सांगणार आहे. तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या मुलांच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, पण तिकडे कोणी आपल्याला नेत नाही. मलाही मुलाने नेले नव्हते. नातवाने नेले.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला शाळेतून काम दिले होते की आपल्या भागातल्या एका स्मारकाची माहिती काढायची. मुलाला आणि सूनबाईंना ऑफिस. मग आजोबा आणि नातू अशी जोडी निघाली, लाइट रेलने, पाण्याची बाटली आणि थालीपिठाची गुंडाळी घेऊन. सॅन होजे शहराच्या मध्यभागी सॅन होजे स्टेट विद्यापीठ आहे. १८५७ साली सुरू झालेली ही संस्था, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्या वयाचीच. आवारात टॉवर हॉल नावाची जुनी, वेलींनी वेढलेली इमारत आहे. तिच्या जवळच्या हिरवळीवर झाडांच्या सावलीत हे स्मारक उभे आहे.

विजेत्यांची तीन पायऱ्यांची चौकट आपण सर्वांनी पाहिली आहे. मध्ये उंच, एका बाजूला जरा खाली, दुसऱ्या बाजूला त्याहून खाली. तशी ती चौकट आहे, पण खूप मोठी. चौथऱ्यासकट सगळे मिळून सुमारे बावीस फूट उंच. मधल्या पायरीवर एक काळा तरुण. मान खाली, उजवा हात सरळ वर, मूठ आवळलेली, हातात काळा मोजा. तिसऱ्या पायरीवर दुसरा काळा तरुण. त्याचीही मान खाली, पण वर गेलेला हात डावा आणि कोपरात किंचित वाकलेला. दोघांच्या पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे. आणि दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे.

मी आधी माझ्या धंद्याप्रमाणे जवळ जाऊन हात लावून पाहिला. आतून पोलादी सांगाडा, त्यावर फायबरग्लास आणि वरून सगळीकडे चिनी मातीच्या फरशांचे तुकडे जडवलेले. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर फुटक्या बशांचे जडावकाम असायचे ना, तसे, पण फार काळजीने केलेले. जाकिटाचा निळा रंग उन्हात चमकतो. रिगो २३ असे चमत्कारिक नाव धारण केलेल्या, मूळच्या पोर्तुगीज कलावंताने ते केले आहे. त्या दोघा खेळाडूंना बोलावून संगणकाच्या साहाय्याने त्यांच्या शरीराची मापे घेतली आणि मग पुतळे घडवले. चेहरे मला तितकेसे साधलेले वाटले नाहीत. फरशीच्या तुकड्यांत चेहरा साधणे अवघडच. पण हात आणि पाय बघावेत. विशेषतः पाय.

आता हे दोघे कोण ते सांगतो.

साल १९६८. मेक्सिको सिटीचे ऑलिंपिक. आपल्यापैकी साठी-सत्तरीच्या लोकांना ते आठवत असेल ते हॉकीमुळे. आपला संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोचला नाही आणि कांस्यपदक घेऊन परत आला. त्या संघाला दोन कर्णधार नेमले होते, आणि आमच्या गल्लीत त्यावर महिनाभर वाद चालला होता. मी तेरा वर्षांचा होतो. त्याच स्पर्धेत २०० मीटरच्या शर्यतीत काय झाले ते आमच्या गल्लीपर्यंत आले नाही, किंवा आले असेल तर हॉकीच्या दुःखात बुडून गेले.

१६ ऑक्टोबरला ती शर्यत झाली. टॉमी स्मिथ हा अमेरिकेचा धावपटू उपांत्य फेरीत मांडीचा स्नायू दुखावून बसला होता. पळेल की नाही याचीच शंका. तो पळाला आणि अखेरचे काही मीटर उरले असताना दोन्ही हात वर करूनसुद्धा १९.८३ सेकंदांत पोचला. जागतिक विक्रम. हा विक्रम अकरा वर्षे टिकला. दुसरा आला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, २०.०६ सेकंद. हा गोरा, मेलबर्नचा, साल्व्हेशन आर्मीच्या धार्मिक संस्कारात वाढलेला, व्यायामशिक्षक. तो मागून आला आणि अगदी शेवटी जॉन कार्लोसला गाठून पुढे गेला. कार्लोस तिसरा, २०.१०.

स्मिथ आणि कार्लोस दोघेही सॅन होजे स्टेटचे विद्यार्थी. स्मिथचा जन्म टेक्सासमधला, बारा भावंडांतला सातवा. घरचे सगळे शेतमजूर, कापूस वेचणारे. कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला, त्याच्या वडिलांचे चपला-बूट दुरुस्तीचे दुकान होते. बड विंटर नावाच्या प्रशिक्षकाने या कॉलेजात इतके वेगवान धावपटू तयार केले होते की त्या गावाला ‘स्पीड सिटी’ म्हणत. कॉलेजला या पोरांचे पाय हवे होते. पण कॉलेजच्या आसपास खोली भाड्याने मागायला गेले की घरमालक नाही म्हणत, कारण कातडी काळी. पाहिजे त्या माणसाला पाहिजे तेवढाच आत येऊ द्यायचा, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

त्याच कॉलेजात हॅरी एडवर्ड्स नावाचे एक तरुण समाजशास्त्राचे अध्यापक होते. १९६७ च्या सप्टेंबरात त्यांनी या घरांच्या आणि वागणुकीच्या प्रश्नावर आवाज उठवला. मागण्या मान्य करा, नाहीतर हंगामातला पहिला फुटबॉलचा सामना होऊ देणार नाही, असे म्हणाले. कॉलेजच्या अध्यक्षांनी तो सामना रद्द केला. तेव्हाचे राज्यपाल रोनाल्ड रेगन त्यावर फार भडकले होते. त्यानंतर ऑक्टोबरात एडवर्ड्स आणि खेळाडूंनी मिळून मानवी हक्कांसाठी ऑलिंपिक प्रकल्प अशी चळवळ सुरू केली. वंशभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला आणि ऱ्होडेशियाला ऑलिंपिकमध्ये घेऊ नका, सैन्यात जायला नकार दिला म्हणून मुहम्मद अलींचे काढून घेतलेले अजिंक्यपद त्यांना परत द्या, काळे प्रशिक्षक नेमा आणि ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना दूर करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. नाहीतर काळे खेळाडू ऑलिंपिकवर बहिष्कार टाकतील. दक्षिण आफ्रिकेला दिलेले आमंत्रण अनेक देशांच्या दडपणामुळे १९६८ च्या एप्रिलमध्ये मागे घेतले गेले. बहिष्काराचा बेत मात्र पार पडला नाही. आयुष्यभराची मेहनत सोडून द्यायची म्हणजे सोपे नाही, आणि सगळ्यांचे एकमत होईना. मग ठरले की जाऊ, पळू आणि ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने करावे.

ते वर्षही कसे होते पाहा. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचा. खुद्द मेक्सिको सिटीत ऑलिंपिक सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, ट्लाटेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. कितीजण मेले याचा आकडा आजही वादातच आहे. त्या शहरात मग शांतीची कबुतरे सोडून खेळ सुरू झाले.

शर्यत संपल्यावर खेळाडूंच्या खोलीत स्मिथ आणि कार्लोस तयारी करत होते. काळे मोजे, बूट काढलेले, म्हणजे आमच्या लोकांचे दारिद्र्य. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ, जमावाने झाडाला टांगून मारलेल्या माणसांची आठवण म्हणून. जाकिटाची चेन कार्लोसने उघडी ठेवली होती, कष्टकरी लोकांसाठी. हातमोजे मात्र एकच जोडी. कार्लोस आपली जोडी मुक्कामावर विसरून आला होता! इतिहासातले प्रसंग असेच घडतात, कोणीतरी काहीतरी घरी विसरते. तेव्हा तिथे बसलेल्या नॉर्मनने सुचवले की एक एक घाला. म्हणून एकाचा उजवा हात वर आहे आणि दुसऱ्याचा डावा.

नॉर्मनला त्यांनी विचारले होते की तुझा मानवी हक्कांवर विश्वास आहे का, देवावर विश्वास आहे का. तो हो म्हणाला. मग त्याने चळवळीचा बिल्ला मागितला. त्यांच्याकडे जादा नव्हता. बाहेर अमेरिकेच्या नौकानयन संघातला पॉल हॉफमन नावाचा हार्वर्डचा गोरा विद्यार्थी भेटला, त्याने स्वतःच्या छातीवरचा काढून दिला. या एका बिल्ल्यापायी हॉफमनलाही पुढे अमेरिकन समितीसमोर जाब द्यावा लागला.

तिघे पायऱ्यांवर चढले. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू झाले. दोन मुठी वर गेल्या, माना खाली. स्मिथ सांगतात की ते प्रार्थना करत होते. आधी मैदान शांत झाले आणि मग लोकांनी हुर्यो उडवली. जॉन डॉमिनिस या छायाचित्रकाराने काढलेला तो फोटो तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असेल. त्या फोटोत डाव्या बाजूला सरळ समोर बघत उभा असलेला गोरा माणूस आपल्या लक्षात येत नाही. माझ्याही आला नव्हता. त्याच्या छातीवर पांढरा गोल ठिपका दिसतो, तो बिल्ला.

ब्रंडेजसाहेबांना खेळात राजकारण आणलेले चालत नव्हते. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकू नये म्हणून जंग जंग पछाडले होते, आणि तिथे झालेल्या नाझी सलामांनी ज्यांचे काही बिघडले नव्हते. त्यांनी अमेरिकन समितीला बजावले की या दोघांना काढा, नाहीतर तुमच्या सगळ्या धावपटूंना काढू. दोन दिवसांत दोघांना संघातून काढून टाकले. त्यांची पदके काढून घेतली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते खरे नाही. पदके त्यांच्याकडेच राहिली. बाकीचे गेले.

बाकीचे म्हणजे काय? धमक्यांची पत्रे आणि फोन. कामाची वानवा. स्मिथ काही काळ फुटबॉल खेळले, मग कॉलेजांत प्रशिक्षक आणि शिक्षक झाले. कार्लोस यांनी माळीकाम, पहारेकऱ्याचे काम, पडेल ते केले. घरात ऊब हवी म्हणून फर्निचर फोडून जाळावे लागले, असे त्यांनीच पुढे सांगितले. दोघांचेही पहिले संसार मोडले. आपण पुतळा बघतो तेव्हा ती मूठ काही सेकंदांची असते. पुतळ्यात ही मधली वर्षे दिसत नाहीत.

कॉलेजचे त्या वेळचे अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क यांचा उल्लेख केला पाहिजे, कारण न्यायाने बोलायचे तर सगळ्यांनीच पाठ फिरवली नव्हती. देशभर या दोघांना शिव्या पडत असताना, ही प्रामाणिक आणि सन्मान्य मुले आहेत असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. तसेच वायोमिया टायस या धावपटू बाईंनी रिलेमधले आपले सुवर्णपदक या दोघांना अर्पण केले. बायकांची अशी नावे नेहमीच तळटीपेत जातात. म्हणून मी मुद्दाम इथे घेतले.

नंतर मात्र कॉलेजही विसरले. इतके, की १९८८ मध्ये पैसे नाहीत म्हणून धावण्याचा सगळा विभागच बंद केला. वीस वर्षांत स्पीड सिटीत धावणारेच उरले नाहीत. तो पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली २०१६ साली, म्हणजे पुतळा उभा राहिला तेव्हा आवारात धावपटूंचे स्मारक होते आणि धावपटूंचा संघ नव्हता!

आता पुतळा कसा झाला ते ऐका. वर्गात एक प्राध्यापक उपेक्षित वीरांबद्दल बोलत होते. बोलता बोलता म्हणाले की आपल्याच कॉलेजच्या या दोघांचा आपल्याच कॉलेजने कधी सन्मान केलेला नाही. ते ऐकणाऱ्या एका गोऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट डाचली. त्याने विद्यार्थी संघटनेकडे ठराव नेला. संघटनेने पैसे उभे करायला घेतले. शिल्पकार निवडला गेला. २००५ मध्ये विद्यापीठाने स्मिथ आणि कार्लोस यांना मानद डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पुतळ्याचे अनावरण झाले. सरकारने केले नाही, व्यवस्थापनाने सुचवले नाही, विशीतल्या पोरांनी केले. आपल्या मंडळाची वर्गणी गोळा करणाऱ्या युवक समितीला मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण मला ठाऊक आहे की दारे वाजवताना काय काय ऐकून घ्यावे लागते.

आणि ती रिकामी पायरी? कार्लोस सांगतात की नॉर्मनचा पुतळा करणार नाहीत हे कळल्यावर त्यांना राग आला होता. त्यांनी थेट ऑस्ट्रेलियाला फोन लावला. तर नॉर्मन म्हणाला की माझी जागा रिकामीच राहू दे, म्हणजे येणाऱ्या कोणालाही तिथे उभे राहता येईल. अनावरणाला तो स्वतः आला होता. त्या जागेवर आता पाटी आहे. सहखेळाडू, ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन इथे एकजुटीने उभा होता, अशा अर्थाचा मजकूर आहे आणि पुढे दोनतीन शब्दांत सांगितले आहे की तुम्हीही उभे राहा. इंग्रजीत त्याच शब्दांचा अर्थ भूमिका घ्या असाही होतो. मराठीत मला दोन्ही एका शब्दात साधता आले नाही.

नॉर्मन वर्षभरात, ३ ऑक्टोबर २००६ ला, हृदयविकाराने गेला. मेलबर्नला त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत पुढे स्मिथ आणि कार्लोस होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याला नेले नव्हते. ते त्या बिल्ल्यामुळे की त्याच्या त्या वेळच्या कामगिरीमुळे, यावर ऑस्ट्रेलियात अजून वाद आहे, मी त्यात पडत नाही. पण २०१२ मध्ये त्यांच्या संसदेच्या सभागृहात त्याची माफी मागितली गेली. २०१९ मध्ये मेलबर्नलाही त्याचा पुतळा झाला. आणि त्याची २०.०६ सेकंदांची वेळ २०२४ च्या डिसेंबरपर्यंत ऑस्ट्रेलियात कोणाला मोडता आली नाही. छप्पन्न वर्षे! मोडली ती गाउट गाउट या सोळा वर्षांच्या मुलाने. त्याचे आईवडील दक्षिण सुदानहून आलेले आहेत.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या पुढाऱ्याला पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. आणि या मेक्सिकोच्या मुठीनंतर चारच वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. तेव्हा ही पोस्टाची वाट दीडशे वर्षांची आहे. आपण आयटीवाले तिकडे जाण्याच्या फार आधीची.

हे सगळे नातवाला मी तिथे बाकावर बसून सांगत होतो, म्हणजे निम्मे मी सांगत होतो आणि निम्मे तो मला सांगत होता. त्याने विचारले, “आजोबा, पण दुसऱ्याने काय केले? त्याने तर हात पण वर नाही केला.” मी म्हटले, “त्याने बिल्ला लावला.” तो म्हणाला, “बस?” मी म्हटले, “बस.” मग तो म्हणाला, “तुम्ही चढा ना वर, मी फोटो काढतो.”

मित्रांनो, मी चढलो नाही. गुडघा दुखतो असे सांगितले. गुडघा दुखतो हे खरे आहे. पण कारण ते नव्हते, आणि ते आज इथे सांगायचे असे ठरवून आलो आहे. घरीसुद्धा अलीकडेच सांगितले.

१९७९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. बंगळूरला यायच्या आधी माझी पहिली नोकरी दुसऱ्या प्रांतातल्या एका मोठ्या कारखान्यात होती. नाव सांगत नाही. मी तेव्हा बरा पळायचो. २६ जानेवारीला कारखान्याच्या मैदानावर क्रीडास्पर्धा असत. ४०० मीटरची खुली शर्यत होती. मुरमाचे मैदान, चुन्याच्या रेघा. रेघेवर उभे राहिलो तेव्हा शेजारी खाकी अर्ध्या चड्डीतला, अनवाणी एक तरुण होता. कोळशाच्या यार्डात ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांपैकी. खुली शर्यत म्हणून कोणी अडवले नाही. त्याने मला सहासात पावलांनी हरवले. मी स्पाइक्स घालून होतो.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. हिरव्या रंगाची लाकडी खोकी मांडून पायऱ्या केल्या होत्या. नाव पुकारायच्या आधी एका अधिकाऱ्याने यादी पाहिली आणि विचारले, याचा टोकन नंबर काय? ठेकेदाराच्या माणसाला कारखान्याचे टोकन नसते. मग त्यांनी आपापसात दोन शब्द बोलून यादीतली एक ओळ खोडली. दुसरा होता तो पहिला, तिसरा होता तो दुसरा, चौथा होता तो तिसरा. माझे नाव पुकारले गेले. मी मधल्या खोक्यावर चढलो आणि कप घेतला.

मला कोणी धमकावले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. मी प्रोबेशनवर होतो, एवढे एक कारण देता येईल आणि ते मी स्वतःला अनेक वर्षे दिले. पण एक वाक्य बोलायला किती धैर्य लागले असते? “साहेब, पहिला हा आला.” पाच शब्दसुद्धा नाहीत. फार तर कोणी हसले असते, कोणी रागावले असते, नोकरी जाण्याइतके ते नव्हते. तो तंबूच्या दोरीपाशी उभा होता आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी यार्डाच्या फाटकाशी समोर आला, हसला. मान मीच खाली घातली. मार्चमध्ये ठेका संपला आणि ती टोळी दुसरीकडे गेली.

म्हणून त्या पायरीवर चढायला माझे पाय उचलेनात. नातवाला म्हटले, तूच चढ. तो टुणकन चढला, छाती पुढे काढून उभा राहिला, मी फोटो काढला. तो त्याने शाळेच्या कामात लावला आणि खाली लिहिले की फोटो माझ्या आजोबांनी काढला.

भारतात परत आल्यावर मी त्या माणसाचे नाव आठवायचा फार प्रयत्न केला. शर्यतीआधी त्याने मला सांगितले होते, मी त्याला माझे सांगितले होते. आठवत नाही. यादीतली ओळ तर त्याच दिवशी खोडली गेली. आमच्या त्या वेळच्या दोघा मित्रांना फोन करून विचारले. एकाला शर्यत आठवते, नाव नाही. दुसरा म्हणाला, इतक्या वर्षांनी काय घेऊन बसलास. कपावर माझे नाव कोरलेले आहे, ४०० मीटर, प्रथम. तो आज पिशवीत घालून आणला आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा. त्याचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही.

या मांडवात निवृत्त झालेली, वेगवेगळ्या प्रांतांतल्या कारखान्यांतून आलेली पुष्कळ मंडळी आहेत. १९७८-७९ च्या सुमारास कोणी तिकडे असाल, ठेकेदारांची देखरेख केली असेल किंवा तशी माणसे कोणाच्या ओळखीची असतील, तर त्यांनी प्रसादाच्या वेळी मला भेटावे. गावाचे आणि कारखान्याचे नाव मी त्यांना खाजगीत सांगेन. मी डावीकडच्या पंगतीत, खांबाजवळ बसणार आहे.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत. गणपती बाप्पा मोरया!